बोलीत जिंकलेल्या तीन खोल्या

सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात मला एका बाबतीत मान आहे, निदान परवापर्यंत होता. कुणी परगावी निघालं की बाकीचे म्हणायचे, हॉटेलचं श्रीधररावांना विचारा. कारण मी हॉटेलांवर बोली लावतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोबाइलवर यासाठी अ‍ॅप निघाली आहेत. आपण शहर सांगायचं, शहराचा भाग सांगायचा, किती तारे हवेत ते सांगायचं आणि आपली किंमत सांगायची. समोर कोणतं हॉटेल आहे ते दिसत नाही. त्यांना पटलं तर पाच मिनिटांत होकार येतो, पैसे कापले जातात आणि मगच हॉटेलचं नाव कळतं. आवडो न आवडो, बदलता येत नाही की रद्द करता येत नाही. कोथिंबिरीच्या जुडीवरून मंडईत घासाघीस करण्यात ज्याची हयात गेली, त्याला याची चटक न लागती तरच नवल. शिवाय मी तीन रात्रींची एकत्र बोली कधी लावत नाही. रोजची रोज लावतो, म्हणजे आणखी खाली उतरता येतं. त्यासाठी रोज बॅगा भरून हॉटेल बदलावं लागतं, पण त्याचं मला काही वाटत नसे. वाटायचं ते विद्याला, माझ्या बायकोला.

बंगळुरूहून आल्यापासून मंडळी विचारताहेत, या वेळी कितीला पाडलंत? मी विषय बदलतो. एकदाच काय ते इथं लिहून टाकतो.

बंगळुरू मला नवं नाही. डिप्लोमा झाल्यावर मी तिथं पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात दोन वर्षं लेथवर काम केलं. बाविशीचा होतो. मल्लेश्वरमला एका मराठी घरात खोली घेऊन राहत होतो. मराठी म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्यांपैकी. बोलताना निम्मं कानडी, पण देवघरात आणि रागावताना चोख मराठी. त्या घरच्या बाईंना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. त्या खोलीचं भाडं घेत, पण जेवणाच्या पैशांचा विषय काढू देत नसत. वांग्याचं चिंच-गुळातलं गोज्जू मला आवडतं हे त्यांना आठवडाभरात कळलं आणि मग दोन वर्षं दर शनिवारी ते झालं.

त्या घराची एक रीत होती. घरचं माणूस गावात असेल आणि जेवायला यायचं असेल, तर ते जेवल्याखेरीज अक्का घास घेत नसत. कारखान्यात जादा काम निघालं की मी उशिरा यायचो, तर ताट झाकलेलं आणि अक्का उंबऱ्याशी बसलेल्या. कितीदा सांगितलं, तुम्ही जेवून घेत जा. त्या म्हणायच्या, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

मग पुण्याची नोकरी लागली आणि मी निघून आलो. पहिली काही वर्षं पत्रं लिहिली. पुढं अक्कांचा मुलगा राघू दिवाळीला फोन करायचा, तेवढंच. पस्तीसएक वर्षांत मी तिकडे एकदाही फिरकलो नाही. वेळ नव्हता असं म्हणायची पद्धत आहे. वेळ होता, मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात राघूचा फोन आला. "अण्णा, आम्ही हे घर सोडतोय. अक्का सोमवारी मैसूरला ताईकडे चालली, कायमची. शहाऐंशी झाली आता. ती म्हणते, श्रीधराला एकदा माझ्या हातचं जेवायला घालायचं. तुम्ही आणि वैनी या. इथंच उतरा."

माझ्या तोंडून निघालं, "अरे, हॉटेलचं बुकिंग झालंय. पण जेवायला येतो नक्की."

बुकिंग झालेलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरी बाथरूमसाठी ताटकळायचं आपलं वय राहिलं नाही, असं मी विद्याला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. इतक्या वर्षांनी त्या घरात सकाळ-संध्याकाळ अक्कांच्या नजरेसमोर वावरायचं धैर्य नव्हतं. हॉटेल ही पळवाट होती, आणि ती स्वस्तात मिळवण्याचं कसब माझ्याकडे होतंच.

शुक्रवार, इलेक्ट्रॉनिक सिटी

आमची गाडी सकाळी यशवंतपूरला पोचली. तिथून अक्कांचं घर रिक्षानं दहा-बारा मिनिटं. आमचं हॉटेल मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आयटीवाल्यांची हॉटेलं शुक्रवारपासून ओस पडतात आणि तेव्हा ती मिळतील त्या भावाला खोल्या देतात, हे माझं संशोधन. चार ताऱ्यांची खोली मी धर्मशाळेच्या दरात पदरात पाडली होती.

"आधी अक्कांकडे चहा घेऊ, भेटू, मग जाऊ तुमच्या हॉटेलात," विद्या स्टेशनबाहेर म्हणाली.

"बॅगा घेऊन? भिकाऱ्यासारखं?" मी म्हणालो. "आणि बोलीवाले उशिरा पोचले तर खोली दुसऱ्याला देतात."

दोन तासांनी उंच पुलावरून उतरून आम्ही हॉटेलात पोचलो. लॉबी झकास होती. खोलीत गेलो तर खिडकीला लागून पूल, पुलावरच्या बसमधल्या माणसांची तोंडं ओळखू यावीत इतका जवळ. आणि बाथरूमला भिंतच नाही, पलंगाच्या बाजूनं नुसती काच. पडदा असायचा तिथं रिकामी दांडी. विद्या त्या काचेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर जा." लग्नाला तेहतीस वर्षं झाली आहेत आमच्या. मी टॉवेल खांद्यावर टाकून कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो आणि तीन सफाईवाल्या बायका माझ्याकडे बघत गेल्या.

खाली तक्रार करायला गेलो. काउंटरवरच्या बाईंच्या छातीवर सुनीता असं नाव होतं. माझं हिंदी ऐकून त्या हसल्या आणि मराठीत बोलू लागल्या. निपाणीकडच्या निघाल्या.

"सर, खरं सांगू काय? बोलीची मानसं आली की आमाला वरनंच सांगून ठेवल्यालं असतंय. जी खोली कुनी घेत न्हाई, ती द्यायची."

"म्हणजे आम्ही चार ताऱ्यांत राहतोय की नाही?"

"तारं लॉबीला हाईत सर." मग त्यांनी आपण होऊन दुसऱ्या खोलीतला पडदा काढून पाठवायची व्यवस्था केली. माझं ओळखपत्र परत देताना विचारलं, "पुन्याहून आलाय, हितं कुनीच न्हाई व्हय तुमचं?"

"आहेत ना, मल्लेश्वरमला."

"मग?" त्या म्हणाल्या. मी वाय-फायचा पासवर्ड मागितला.

दुपारी राघूचा फोन आला. "अण्णा, निघालात का? अक्का विचारते."

"अरे, फार लांब पडतंय इथून. बघतो."

"सरी अण्णा."

आमच्याकडे 'बघतो' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पुण्यात 'येतो एकदा जेवायला' हे वाक्य दारात चपला घालताना म्हणायचं असतं, त्यावर कुणी कुकर लावत नाही. अक्कांच्या घरात त्याच शब्दांवर चूल पेटते, हे मी दोन वर्षं त्या चुलीचं खाऊन विसरलो होतो.

संध्याकाळभर मी पलंगावर पाय पसरून शनिवारची बोली लावत बसलो. या वेळी मल्लेश्वरमचाच भाग निवडला होता, म्हणजे पायी अक्कांकडे जाता आलं असतं. तीनदा नकार आला.

"वाढवा की थोडे," विद्या म्हणाली.

"हेच त्यांना हवं असतं. आपण हलायचं नाही."

चौथ्यांदाही नकार. त्याखाली अ‍ॅपनं सुचवलं, याच किमतीत शहराच्या पूर्वेला मिळेल. मी तत्क्षणी होकार दाबला. हॉटेलचं नाव उघडलं, मारतहळ्ळी. एका चहाच्या किमतीसाठी मी अक्कांच्या गल्लीपासून आणखी एका रात्रीनं लांब गेलो, आणि अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं विद्याला म्हणालो, "बघितलंस?"

तिनं बघितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

शनिवार, मारतहळ्ळी

या हॉटेलचं वर्णन लवकर आटपतं. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. उजेड यायचा तो फक्त टीव्हीचा. गाद्यांना कुणाच्या तरी अत्तराचा वास. तळमजल्यावर कुठल्याशा कंपनीच्या विक्रेत्यांचं शिबिर चाललं होतं आणि दर अर्ध्या तासानं पन्नास माणसं एकदम ओरडत होती. नाश्ता बोलीत धरलेला नव्हता. आम्ही रस्त्यावर येऊन पराठे खाल्ले. बंगळुरूत येऊन पराठे! आजूबाजूला सगळी आयटीतली मुलं. त्यातल्या एकाला मराठी बोलताना ऐकून मी मल्लेश्वरमला जायचा सोपा रस्ता विचारला.

"काका, अ‍ॅक्च्युअली इथून मल्लेश्वरम म्हणजे दुसरं शहरच समजा," तो म्हणाला. "मी तीन वर्षं इथं राहतोय, एकदाच गेलोय."

राघूचा फोन. "अण्णा, अक्का विचारते, दुपारी येता की संध्याकाळी?"

"संध्याकाळी. पाचला निघतोच."

आणि खरंच निघालो. एवढं श्रेय मला द्या. टॅक्सी रिंग रोडला लागली आणि थांबली. मग चालली ती अशी, की शेजारून चालणारी एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन आमच्या पुढे गेली, वाटेत थांबून चप्पल दुरुस्त केली आणि तरी पुढेच राहिली. टिन फॅक्टरीच्या चौकापर्यंत यायला दीड तास लागला. विद्याला मळमळू लागलं. तिनं डोकं खिडकीला टेकलं होतं. मी म्हणालो, "परत फिरू या. उद्याची बोली पीण्याला लागलीय, तिथून अक्का हाकेच्या अंतरावर. उद्या निवांत जाऊ."

"मी म्हटलं का परत फिरा?" विद्या डोळे मिटूनच म्हणाली.

ती म्हणाली नव्हती. पण मला ते निमित्त पुरलं. मी राघूला मोबाइलवर निरोप टाकला, 'उद्या नक्की'. फोन केला नाही, कारण फोनवर त्याचं 'सरी अण्णा' ऐकावं लागलं असतं. तो निरोप त्यानं रविवारी सकाळी वाचला, हे मला नंतर कळलं.

रविवार, पीण्या

मेट्रोनं आलो. पीण्याचं स्टेशन उंचावर आहे. खाली बघितलं तर पत्र्यांची छपरं आणि गंजलेली गेटं, बरीचशी तशीच. माझे हात त्या वयातले झाल्यासारखे वाटले. वाटलं, आज सगळं जुळून आलंय. खोलीत बॅगा टाकू, अंघोळ करू, फळं घेऊ आणि दुपारच्या जेवणाला अक्कांसमोर बसू.

हॉटेलवाला म्हणाला, तुमचं बुकिंग आमच्याकडे नाही. मी मोबाइल दाखवला. त्यानं त्याचा कॉम्प्युटर दाखवला. हे नाव आमचं, पण आमची दोन हॉटेलं आहेत, तुमचं तिथं असेल. तिथं फोन केला, ते म्हणाले इथंच आहे. अ‍ॅपवाल्यांना फोन लावला तर एक यंत्र अतिशय गोड आवाजात मला धीर धरायला सांगत राहिलं. कोणीही समजूतदार माणसानं समोरच्या लॉजमध्ये खोली घेतली असती. मी तत्त्वाला चिकटून तीन तास प्लॅस्टिकच्या सोफ्यावर बसलो. मधल्या वेळात मी एकटाच माझा जुना कारखाना बघायला गेलो. गेटला कुलूप होतं, आत कुणाची तरी खोकी रचलेली होती. परत आलो तर विद्या बॅगेवर डोकं ठेवून बसलेली, पुढ्यात बिस्किटाचा फुटका पुडा. तेच आमचं दुपारचं जेवण झालं.

खोली मिळाली तेव्हा पाच वाजले होते. नळाला पाणी नव्हतं. घामानं कपडे अंगाला चिकटलेले, तीन दिवसांत डोळा धड लागलेला नाही. अशा अवतारात अक्कांसमोर कसं जायचं, याचा विचार करत होतो तोच फोन वाजला. मला वाटलं राघू.

"श्रीधरा, जेवलास का रे?"

पस्तीस वर्षांनी तो आवाज ऐकला. थोडा चिरकला होता, बाकी तोच.

येतो, असं म्हणायचं होतं. पाणी नाही, अंग मळलंय, उपाशी आहे, तसाच येतो, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "हो अक्का, जेवलो. पोटभर जेवलो. उद्या सकाळीच येतो."

"जेवलास? सरी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विद्या माझ्याकडे बघत होती. "जेवलो?" ती एवढंच म्हणाली. मी बादली घेऊन खाली पाणी मागायला गेलो.

सोमवार, मल्लेश्वरम

आठ वाजता पोचलो. जुनं घर केव्हाच गेलं होतं, त्याजागी चार मजली इमारत आणि त्यात तळमजल्याला यांचा फ्लॅट. दाराबाहेर टेम्पो उभा होता. राघू तिसरीत असताना मी त्याला शेवटचं पाहिलं होतं, आता त्याला टक्कल पडलंय. त्यानं वाकून नमस्कार केला. मला पाय मागं घ्यावेसे वाटले.

आत सगळीकडे खोकी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुऊन पुसून काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. शेगडी दोरीनं बांधलेली.

"अण्णा, बोलू का?" राघू हळूच म्हणाला. "शुक्रवारी तिनं गोज्जू केलं. तुम्ही बघतो म्हणालात ना. नऊपर्यंत जेवली नाही, शेवटी ताक पिऊन पडली. शनिवारी परत केलं. तुमचा मेसेज मी पाहिलाच नाही, ती साडेदहापर्यंत खुर्ची टाकून दारात बसली. काल दुपारीही केलं. आम्ही म्हणायचो, अक्का, शेगडी बांधायला माणसं आलीत. ती म्हणायची, थांब, तो यायचा आहे. काल तुम्ही जेवलो म्हणालात, तेव्हा म्हणाली, आता आवरा. मग ती स्वल्प काहीतरी खाऊन झोपली."

रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो गाडीची वेळ सांगावी तसं सांगत होता.

अक्का बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. इतक्या लहान झाल्या होत्या! मी पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला, मग चेहऱ्यावरून. "बारीक झालास," म्हणाल्या. मी नव्वद किलोचा आहे. विद्याला जवळ बसवून घेतलं, तिच्या बांगड्या बघितल्या. पस्तीस वर्षांचा शब्द काढला नाही, तीन दिवसांचाही नाही. मग विचारलं, "सकाळी काही खाल्लंस का?"

काल खोटं बोललो होतो, त्याचं फळ समोर खोक्यांत बांधलेलं होतं. म्हणून मी ठरवलं, आता खरं बोलायचं. "नाही अक्का," मी म्हणालो. "काही खाल्लं नाही."

खरं बोलायलाही मी नेमकी चुकीची वेळ शोधली. अक्कांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. बांधलेल्या शेगडीकडे बघितलं. टेम्पोवाला दारात येऊन डोकावून गेला. त्या राघूला म्हणाल्या, "हा उपाशी आहे. आता मी निघू कशी?"

राघूनं घड्याळ बघितलं. "अक्का, कोपऱ्यावर दर्शिनी आहे. अण्णा तिथं खातील."

जुन्या घरात राहिलो त्या दोन वर्षांत अक्कांनी बाहेरचं पाणीसुद्धा प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या काठी घेऊन उठल्या. "चल," म्हणाल्या.

दर्शिनी म्हणजे तिकडचं उभ्यानं खायचं छोटं हॉटेल. आपल्याकडच्या अमृततुल्यासारखीच गर्दी, फक्त इडलीची. विद्यानं कॉफी घेतली. मी काउंटरकडे वळलो तर अक्कांनी मला काठीनं अडवलं. स्वतः पुढं झाल्या, कानडीत काहीतरी म्हणाल्या, लोक बाजूला सरले. काठी विद्याकडे देऊन, दोन्ही हातांत धरून त्यांनी माझी थाळी आणली. सांबार हिंदकळून त्यांच्या पदरावर सांडलं. मी घ्यायला गेलो तर मान हलवली. थाळी उंच टेबलावर ठेवली, वाटीतली चटणी चमच्यानं इडलीशेजारी वाढली आणि म्हणाल्या, "बस. जेव."

बसायला तिथं काही नव्हतं. मी उभा राहून खाऊ लागलो. अक्का समोर काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होत्या, पूर्वी बघायच्या तशाच. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते तिखटावर ढकलत होतो. पहिल्या दोन इडल्या संपल्यावर त्यांनी काउंटरला हाक मारून आणखी दोन मागवल्या. त्याही वाढल्या. त्याही खाल्ल्या.

"पोट भरलं?"

"भरलं अक्का."

"सरी," त्या म्हणाल्या, आणि राघूला सांगितलं, "आता गाडी आण."

मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. दार लावून घेतल्यावर त्यांनी मांडीवरच्या पिशवीत हात घातला, एक केळं काढलं आणि सोलू लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं.